नाव एक, माल दोन

कापड घेताना आम्ही ठाणावरचा छाप पाहून सौदा करीत नाही. पोत पाहतो, सूत विचारतो. संगणकालाही हाच नियम लावावा. घरचा गेमिंग डेस्कटॉप विकून गेमिंग लॅपटॉप घेऊ, असा मुलाने हट्ट धरला, तेव्हा आम्ही दोन्ही माल तपासले.

'आरटीएक्स ४०७०' हे ग्राफिक्स कार्ड २०२३ साली बाजारात आले. डेस्कटॉपमध्ये ते २०० वॅटपर्यंत वीज घेते. मेमरी १२ जीबी. लॅपटॉपमध्ये याच नावाच्या कार्डाला ३५ ते ११५ वॅट मिळतात. मेमरी ८ जीबी. किती वॅट द्यायचे ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. म्हणून दुकानदाराला नाव नव्हे, वॅट विचारावेत.

डेस्कटॉपचे कार्ड काढून नवे बसवता येते. लॅपटॉपमध्ये ते बहुधा बोर्डालाच जोडलेले असते. जुने झाले की सगळे यंत्रच बदलावे लागते. बॅटरीवर गेम पूर्ण वेगाने चालत नाही, म्हणजे खेळायला प्लग हवाच.

लॅपटॉपचा खरा फायदा एकच: तो सोबत नेता येतो. वीज गेली तरी काम लगेच बंद पडत नाही, हा वरचा नफा.

आमचा मुलगा अजून दोन वर्षे घरूनच कॉलेजला जाणार. म्हणून डेस्कटॉप ठेवला, कार्ड तेवढे बदलले. तो वसतिगृहात राहणार असता, तर आम्ही लॅपटॉपच घेतला असता. व्यापारी बांधवांनी आधी एवढेच ठरवावे: यंत्र रोज उचलायचे आहे काय? नसेल, तर उचलण्याचे दाम का मोजावेत?