मोराची चिंचोली : शेतावरचा पाहुणचार आणि गावाची जबाबदारी

पुणे जिल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत वसलेला आहे. विसाव्यासाठी शहराबाहेर पडणारा माणूस साहजिकच त्या बाजूस, लोणावळा-खंडाळ्याकडे वळतो. पूर्वेकडील शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. तेथे धबधबे नाहीत, थंड हवाही नाही. तरीही शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली येथे पाहुणे आवर्जून मुक्कामाला येतात. चिंचेची जुनी झाडे, शिवारात वावरणारे मोर आणि शेतकऱ्याच्या घरचे जेवण एवढेच या गावाचे भांडवल आहे.

या जोडधंद्याचे अर्थशास्त्र सोपे आहे. पक्व ज्वारी बाजारात नेली, तर तिचा भाव बाजार ठरवतो. तीच ज्वारी दाणा कोवळा असताना आगटीत भाजून, गूळ व शेंगदाण्याच्या चटणीसह हुरडा म्हणून पाहुण्यापुढे ठेवली, तर भाव शेतकरी ठरवतो. पिठले-भाकरी, ठेचा, ताक आणि राहण्याची खोली यांचे मोलही घरातच राहते. त्यात स्त्रियांच्या श्रमाचा वाटा मोठा असतो. म्हणून हिशेबातही त्यांचा हक्क मानला गेला पाहिजे. दौंड तालुक्यातील ऊस पिकविणाऱ्या गावांनाही हा मार्ग मोकळा आहे. गुऱ्हाळावरील ताजा रस, काकवी आणि काहिलीतून उतरणारा गरम गूळ यांचे शहरातील मुलांना मोठे अप्रूप असते.

राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. त्यानुसार अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. परंतु नोंदणीने केंद्र अधिकृत होते. गावाचे वैभव टिकविणे हे गावाच्याच हाती असते.

मोर हा १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये त्यास संरक्षण आहे. लांडोर जमिनीवर, झुडपांच्या आडोशाला अंडी घालते. रात्री मोर उंच झाडांवर बसतात. बांधावरची झुडपे साफ झाली, जुनी झाडे तुटली, ध्वनिक्षेपक रात्रभर वाजू लागले अथवा मोकाट कुत्री वाढली, तर मोर दूर जातील आणि त्यांच्यामागोमाग पाहुणेही.

पाण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. उन्हाळ्यात गावाच्या विहिरी आटत असताना पाहुण्यांसाठी पाण्याची उधळण होणे न्याय्य नव्हे. ग्रामसभेने केंद्रांच्या पाणीवापराची मर्यादा, सांडपाण्यासाठी शोषखड्डे, कचऱ्याची विल्हेवाट आणि रात्रीची शांतता यांविषयी आधीच नियम ठरवावेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील जुन्या झाडांची व मोरांच्या वावराच्या जागांची नोंद करून घ्यावी. ग्रामपंचायतीला निर्णय घेताना ती उपयोगी पडेल.

पाहुणा येतो तो गाव गावासारखे आहे म्हणून. त्याच्या सोयीसाठी गावाने आपले गावपण गमावले, तर त्याला पुन्हा येण्याचे कारण उरणार नाही.