डेन्मार्क देश काय विकतो? – सभासदांसाठी एक अभ्यासपाठ



गाळप हंगाम संपत आला की पारावर एकच विषय निघतो – यंदा साखरेला भाव काय? साखरेचा भाव हलला की उसाचे बिल हलते, आणि बिल हलले की घरचे लग्न पुढे ढकलावे लागते. एकाच मालावर संसार उभा असला की असेच होणार. पण हे दुखणे आपल्याच वाट्याला आले आहे असे नाही. दीडशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एका लहानशा देशातील शेतकऱ्यांना हेच दुखणे जडले होते. त्यांनी काय इलाज केला, ते या पाठात पाहू.

देश लहान, संकट मोठे

डेन्मार्कचे क्षेत्रफळ सुमारे 43 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाएवढे. लोकवस्ती आजही साठ लाखांच्या आसपास. कोळशाच्या खाणी नाहीत, लोखंडाच्या नाहीत. 1864 साली प्रशिया व ऑस्ट्रियाबरोबरच्या युद्धात हार झाली आणि दक्षिणेकडचा चांगला सुपीक मुलूख गेला.

तिथला शेतकरी तेव्हा धान्य पिकवून इंग्लंडला विकत असे. 1870 नंतर आगगाड्या आणि आगबोटी वाढल्या, अमेरिका आणि रशियाचे स्वस्त धान्य युरोपात येऊन पडू लागले आणि भाव कोसळले. जर्मनी व फ्रान्स यांनी बाहेरच्या धान्यावर जकात बसवली. डेन्मार्कने वेगळा विचार केला. धान्य स्वस्त झालंय ना? मग तेच विकत घेऊ, गाई-डुकरांना घालू आणि लोणी विकू!

लोणी सारखे हवे

विचार चांगला, पण एक अडचण होती. प्रत्येक घरचे लोणी निराळे. कुणाचे खारट, कुणाचे आंबूस. इंग्लंडचा व्यापारी मोठ्या जमीनदाराच्या लोण्याला चांगला भाव देई आणि लहान शेतकऱ्याच्या लोण्याला नाक मुरडी. 1878 च्या सुमारास दुधातून साय वेगळी काढणारे फिरते यंत्र निघाले, पण ते एकट्या शेतकऱ्याला परवडणारे नव्हते.

तेव्हा 1882 साली पश्चिम जटलंडमधील येडिंग गावच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी डेअरी काढली. कर्जाला सगळ्यांनी मिळून जामीन राहायचे. घरी लागेल तेवढे ठेवून बाकी सगळे दूध डेअरीलाच घालायचे, बाहेर विकायचे नाही. नफा ज्याने जेवढे दूध घातले त्या प्रमाणात. आणि मत माणशी एक, मग दावणीला गाई दोन असोत की वीस. पुढच्या वीसेक वर्षांत अशा डेअऱ्यांची संख्या हजाराच्या घरात गेली.

पुढे दुधाचे बिलही नुसत्या वजनावर न देता त्यातील स्निग्धांश तपासून देण्याची रीत पडली. आपल्याकडे उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर बसतो. स्वच्छ, पक्व ऊस घालणारा आणि पाचटासकट घालणारा, दोघांना टनाला दर एकच. यावर ज्याने त्याने मनाशी विचार करावा.

1887 साली जर्मनीने डेन्मार्कची जिवंत डुकरे घेणे बंद केले. त्याच वर्षी हॉर्सेन्स येथे शेतकऱ्यांनी सहकारी कत्तलखाना काढला आणि मीठ लावून मुरवलेले मांस, म्हणजे बेकन, इंग्लंडला धाडायला सुरुवात केली. एक दार बंद झाले म्हणून रडत बसले नाहीत. डेअरीतून साय काढलेले दूध परत मिळे, ते डुकरांच्या खाद्यात जाई. टाकाऊ असे काही ठेवलेच नाही.

आता गुंतागुंतीची गोष्ट

एखादा देश किती पुढारलेला आहे हे कसे ओळखावे? 2009 साली हिदाल्गो आणि हाउसमन या दोन अभ्यासकांनी एक रीत मांडली. तिला ‘आर्थिक गुंतागुंत’ म्हणतात. नाव अवघड आहे, पण अर्थ आपल्या आठवड्याच्या बाजारात समजतो.

बाजारात कांद्याची पन्नास दुकाने असतात. भाव पडला की पन्नासही जण रडतात. पण पाणबुडी मोटर उघडून दुरुस्त करणारा पंचक्रोशीत एकच असतो. त्याच्याकडे माणूस नंबर लावून बसतो. देशाचेही तसेच. दोन प्रश्न विचारायचे : हा देश किती प्रकारचा माल परदेशी विकतो? आणि तो माल करणारे दुसरे देश किती आहेत? माल अनेक प्रकारचा आणि तो करणारे देश थोडे, तर त्या देशाच्या अंगी कसब भरपूर आहे असे समजावे. माल किती टन गेला, याला इथे महत्त्व नाही.

हे कसब आकाशातून पडत नाही. जुन्या कामाच्या शेजारी नवे काम उगवते. डेन्मार्कात ते कसे झाले पाहा.

डुकराच्या मांसाचा धंदा वाढला तशी कत्तलखान्यात स्वादुपिंडे मिळू लागली. कॅनडात इन्सुलिनचा शोध लागल्यावर शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी ते तयार करण्याची परवानगी मिळवली आणि 1923 पासून कोपनहेगनमध्ये प्राण्यांच्या स्वादुपिंडापासून मधुमेहाचे हे औषध निघू लागले. 1925 साली नोव्हो ही दुसरी कंपनी निघाली. तिने 1941 साली त्याच ग्रंथीतून कातडी कमावण्यास लागणारे ट्रिप्सिन हे एन्झाइम काढले. आज धान्यापासून इथेनॉल करणाऱ्या, कपड्याचा साबण करणाऱ्या कारखान्यांना लागणारी एन्झाइमे डेन्मार्क जगाला पुरवतो.

लेम गावात 1898 साली एका लोहाराने भाता पेटवला. त्याच घराण्याने पुढे दूध थंड करण्याची यंत्रे केली आणि 1979 पासून पवनचक्क्या विकल्या. तीच आजची व्हेस्टास कंपनी.

कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याने 1875 साली स्वतःची प्रयोगशाळा काढली. तिथे 1909 साली सोरेन्सन यांनी आम्लता मोजण्याची पी.एच. ही पट्टी बसवली. माती परीक्षणाच्या अहवालातला ‘सामू’ तो हाच. आपल्या कारखान्यात चुना घालून रस साफ करताना केमिस्ट जो आकडा पाहतो, तोही हाच!

1960 नंतरच्या दशकात डेन्मार्कच्या निर्यातीत कारखानदारी मालाने शेतमालाला मागे टाकले. पण लोणी आणि बेकन बंद पडले नाही. त्या धंद्यातील मोठ्या संस्था आजही शेतकऱ्यांच्याच मालकीच्या आहेत.

सावधगिरीचा इशारा

तिथे सगळे सोन्याचे आहे असे मात्र समजू नये. लोणी आणि बेकन बहुतांश एकट्या इंग्लंडला जाई. 1932 नंतर इंग्लंडने आपल्या साम्राज्यातील देशांना झुकते माप दिले, बाहेरच्या मालावर बंधने घातली, आणि डॅनिश शेतकरी कर्जात बुडाला. गिऱ्हाईक एकच असले की त्याची मर्जी हाच कायदा.

अलीकडेही तेच दिसले. नोव्हो नॉर्डिस्क कंपनीची मधुमेहाची व वजन कमी करण्याची औषधे जगभर खपू लागली. 2023 साली कंपनीच्या शेअरची एकूण किंमत देशाच्या वार्षिक उत्पन्नाहून जास्त भरली. मग स्पर्धा वाढली, शेअर घसरला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये कंपनीने सुमारे 9 हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. माल कितीही हुशारीचा असो, सगळा भार एकाच खांबावर नको.

आपण काय घ्यावे?

प्रवरानगरला 1950 साली सहकारी साखर कारखान्याची चिमणी पेटली, तेव्हा आपणही येडिंगच्या शेतकऱ्यांसारखेच एकत्र आलो होतो. साखरेशेजारी मळीपासून डिस्टिलरी, बगॅसपासून वीज, प्रेसमडपासून खत, अशी कामे उभी राहिली. मात्र डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, तेव्हा ते पुढील वर्षी उठेपर्यंत कित्येक कारखाने अडचणीत आले. जोडधंदा आहे, पण त्याचेही धोरण एका हाती आणि गिऱ्हाईक मोजकेच.

येडिंगच्या शेतकऱ्याला इन्सुलिन ठाऊक नव्हते. त्याने एवढेच केले की दूध चोख घातले, हिशोब चोख ठेवला आणि उरलेले वाया जाऊ दिले नाही. पुढचे कसब त्यावर उभे राहिले. आपली मुले कारखान्याच्या प्रयोगशाळेत, वर्कशॉपमध्ये नुसती हजेरी लावतात की काही शिकतात, यावर आपलाही पुढचा माल ठरणार आहे.

गटसभेत चर्चेसाठी तीन प्रश्न :

1. आपल्या कारखान्यातून आज किती प्रकारचा माल बाहेर पडतो, आणि प्रत्येकाची गिऱ्हाइके किती?
2. आपण आज फेकून देतो किंवा कवडीमोलाने विकतो असे काय आहे?
3. जे काम पंचक्रोशीत फक्त आपल्याच माणसांना येते, असे एक तरी काम सांगता येईल का?