कोणती हार्डडिस्क आधी?

प्रश्न : बूढ़ापाऱ्यात आमचं डीटीपीचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, पावतीपुस्तकं असं काम. कॉम्प्युटर जुना, जी-३१ चिपसेटच्या बोर्डाचा. त्यात वडिलांच्या वेळची ८० जीबीची, रुंद पट्टीची आयडीई हार्डडिस्क आहे. तिच्यावर विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि श्रीलिपी. पुढे ५०० जीबीची साटा डिस्क नुसत्या फायली ठेवायला घेतली. आता २४० जीबीची एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज १० टाकलं. चालतं सगळं, सुरू होताना विंडोज १० हवं की जुनी आवृत्ती, असं विचारतं. पण आयडीई डिस्क आवाज करू लागली म्हणून ती काढून पाहिली, तर काळ्या पडद्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ एवढंच. बायोसमध्ये एसएसडी पहिली करायला गेलो तर यादीत हार्डडिस्क एकच दिसते, तीही आयडीईच. दुरुस्तीवाला म्हणतो एसएसडी खराब निघाली. एक्सपी तर अजून लागतं. काय करावं?
– एक वाचक, बूढ़ापारा, रायपूर

उत्तर : एसएसडी ठणठणीत आहे, बदलून आणू नका. (बूढ़ापारा म्हणजे माधवराव सप्र्यांच्या नावाच्या शाळेचा भाग, टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे ते हेच सप्रे. तिथं मुंजीच्या पत्रिका अजून जुळवल्या जातात हे वाचून बरं वाटलं.) तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या अडचणी एकमेकींत अडकल्या आहेत. त्या सुट्या केल्या की काम अर्ध्या तासाचं आहे.

पण त्याआधी एक. आवाज करणाऱ्या डिस्कवर प्रयोग करायचे नसतात. आजच तिच्यावरचं सगळं ५०० जीबीच्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि पेजमेकरच्या फायलींबरोबर विंडोजचा फॉन्ट्स फोल्डरही घ्या. श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोडचे नव्हेत. फॉन्ट नसेल तर फाईल उघडेल, पण पत्रिकेच्या जागी निरर्थक अक्षरांची रांग दिसेल.

आता पहिली अडचण, यादीत एकच डिस्क दिसण्याची. हा बिघाड नव्हे, रचना आहे. १९९६ मध्ये कॉम्पॅक, फीनिक्स आणि इंटेल यांनी मिळून ‘बायोस बूट स्पेसिफिकेशन’ ठरवलं. त्यात फ्लॉपी, सीडी, नेटवर्क यांच्या रांगेत ‘हार्डडिस्क’ला एकच जागा दिली, मग आत डिस्क दोन असोत की सहा. डिस्कांचा आपसातला क्रम वेगळ्या यादीत ठेवला. म्हणून तुमच्या बायोसमध्ये दोन ठिकाणं आहेत. ‘बूट डिव्हाइस प्रायॉरिटी’ ही वरची यादी. आणि ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज’ किंवा ‘हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी’ ही दुसरी. अवॉर्डच्या बायोसमध्ये ही दुसरी बहुधा ‘अ‍ॅडव्हान्स्ड बायोस फीचर्स’मध्ये दडलेली असते. दुसऱ्या यादीत जी डिस्क सर्वांत वर, तेवढीच पहिल्या यादीत दिसते. पहिल्या यादीत कितीही खालीवर केलं तरी आयडीईच्या जागी एसएसडी येणार नाही.

दुसऱ्या यादीत आकार नसतो, मॉडेलचे क्रमांक असतात. ‘एसटी’ने सुरू होणारी सीगेट, ‘डब्ल्यूडीसी’ म्हणजे वेस्टर्न डिजिटल. त्या काळच्या सीगेटच्या क्रमांकात शेवटी नुसतं ‘ए’ असेल तर आयडीई, ‘एएस’ असेल तर साटा. पेनड्राइव्ह लावलेला असेल तर काही बायोस त्यालाही हार्डडिस्क समजून याच यादीत बसवतात, कधी थेट वरच. तेव्हा हे काम करताना पेनड्राइव्ह काढून ठेवा.

एसएसडी वर आणलीत तरी तोच काळा पडदा येईल, कारण दुसरी अडचण खरी आहे. तुमच्या पिढीचा बायोस विंडोज शोधत नाही. तो पहिल्या डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतो, शेवटची दोन बाइटची खूण बरोबर आहे का बघतो आणि त्यातल्या कोडकडे कारभार सोपवून मोकळा होतो. तो कोड त्याच डिस्कवरचा ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणून खूण केलेला भाग शोधतो आणि तिथून ‘बूटएमजीआर’ सुरू होतो. तुम्ही विंडोज १० टाकलंत तेव्हा क्रमात पहिली होती आयडीई. सेटअपनं विंडोज एसएसडीवर टाकलं, पण बूटएमजीआर आणि त्याची नोंदवही ठेवली आयडीईवरच्या आधीपासून अ‍ॅक्टिव्ह असलेल्या भागात. सुरुवातीला ‘कोणतं विंडोज’ असं विचारणारा पडदा येतो तो या व्यवस्थेतूनच. आयडीई काढलीत आणि सुरुवात करून देणाराच गेला.

खात्री करायची तर विंडोज १० मध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडा. ज्या भागापुढे ‘सिस्टम’ लिहिलंय तिथं सुरुवातीच्या फायली, आणि ‘बूट’ लिहिलंय तिथं विंडोज. होय, उलट वाटतं, पण मायक्रोसॉफ्टनं तसंच ठेवलंय. तुमच्याकडे ‘सिस्टम’ ७४ जीबीच्या डिस्कवर दिसेल. (८० ची ७४, २४० ची २२३, ५०० ची ४६५ दिसते, चोरी नाही, मोजण्याची पद्धत वेगळी.)

उपाय करताना आयडीई जोडलेलीच असू द्या, आणि आधी एक छोटं काम उरका. तो निळा निवड-पडदा आला की खाली ‘चेंज डिफॉल्ट्स’ असतं, तिथं जुनी आवृत्ती डिफॉल्ट करा. का, ते पुढे येईलच. मग विंडोज १० मध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. डिस्कपार्टमध्ये आकारावरून एसएसडी ओळखा, डिस्क निवडा, तिच्यावरचा विंडोजचा भाग निवडा आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ करा. इथं घाई नको. ४६५ जीबीच्या डिस्कवर ही खूण गेली तर गोंधळात भरच पडेल. डिस्कपार्टमधून बाहेर या आणि ‘बीसीडीबूट’ हा आदेश द्या. त्याला सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरचा पत्ता द्यायचा, ‘एस’ या स्विचपुढे सी ड्राइव्ह आणि ‘एफ’पुढे बायोस लिहायचं. सुरुवातीच्या फायलींची ताजी प्रत एसएसडीवर तयार होते. आता कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा, आयडीईची वीज आणि पट्टी दोन्ही सोडवा, बायोसच्या दुसऱ्या यादीत एसएसडी वर आणा. काहीही न विचारता थेट विंडोज १० उघडायला हवं. नाहीच उघडलं तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरचा ‘बूटसेक्ट’ हा आदेश पहिल्या सेक्टरचा कोड पुन्हा लिहून देतो.

एक्सपी हवं तेव्हा आयडीई जोडलेली ठेवून, सुरू करतानाच बोर्डाप्रमाणे एफ८, एफ११ किंवा एफ१२ दाबा. त्या वेळेपुरती कोणत्या डिस्कवरून जायचं ते विचारलं जाईल, तिथं आयडीई निवडा. जुनी आवृत्ती डिफॉल्ट करायला सांगितली ती यासाठीच. विंडोज १० डिफॉल्ट राहिलं असतं, तर निळ्या पडद्यावर ‘जुनी आवृत्ती’ निवडल्यावर कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला असता आणि क्रमाप्रमाणे सरळ एसएसडीवर गेला असता. एसएसडीच्याच यादीत एक्सपी घालायच्या फंदात पडू नका. एक्सपीची ‘बूट.आयएनआय’ फाईल डिस्क ओळखते ती बायोसच्या क्रमांकावरून. आयडीई दुसऱ्या नंबरवर गेली की तो पत्ता चुकतो. आणि विंडोज १० चं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना बंद केलेलं विंडोज अर्धवट झोपेत असतं, आणि एक्सपीनं त्याच डिस्कांवर काही लिहिलं तर फायली बिघडू शकतात.

पट्टी पुन्हा जोडताना निळं टोक बोर्डाला, काळं टोक मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. डिस्कच्या पाठीवरची इवली काळी टोपी, म्हणजे जम्पर, लेबलवरच्या चित्राप्रमाणे हवी. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या डिस्कांना ‘एकटी’ आणि ‘स्लेव्हसोबत मास्टर’ अशा दोन निरनिराळ्या जागा असतात. त्याच पट्टीवर डीव्हीडी रायटर असेल तर नेमकं तिथं फसायला होतं.

नव्या कॉम्प्युटरवर हाच घोळ एनव्हीएमई आणि साटा यांच्यात होतो. तिथं यूईएफआय असतं. ते पहिला सेक्टर न वाचता ‘विंडोज बूट मॅनेजर’ अशी नावाची नोंद ठेवतं, आणि ती नोंद ईएफआय भागातल्या फायलीकडे बोट दाखवते. पण जुनी साटा डिस्क जोडलेली असताना एनव्हीएमईवर विंडोज टाकलं तर सेटअप पुष्कळदा जुन्याच डिस्कवरचा ईएफआय भाग वापरतं. म्हणून विंडोज टाकताना बाकीच्या डिस्का सरळ सोडवून ठेवाव्यात, हे माझं ठाम मत. ‘अ‍ॅक्टिव्ह’चा वर सांगितलेला उपाय तिथं लागू नाही. शिवाय काही बोर्डांवर एम.२ ची जागा भरली की एखाददुसरा साटा पोर्ट बंद होतो, आणि लोक डिस्क मेली असं समजतात; बोर्डाच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं.

एक राहिलंच. एवढं करूनही काही दिवसांनी क्रम आपोआप उलटला, तर घड्याळ बघा. तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल तर बोर्डावरची सीआर-२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. ती बदलण्याआधी दोन्ही याद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नंतर त्या हातानं पुन्हा लावाव्या लागतील.