ई-सिगारेटचे यंत्र आणि टँक : माल आधी ओळखा

आमचा धंदा कापडाचा. विट्याच्या मागावरचा माल घ्यायचा आणि सातारा-सांगलीच्या बाजारात खपवायचा, यात आमची उमर गेली. मग ई-सिगारेटवर आम्ही का लिहावे, असे वाचक विचारतील. कारण असे की आमच्या एका पुतण्याचे मोबाईलच्या कव्हरांचे छोटे दुकान आहे, आणि एका ईदच्या सीझनला मुंबईचा एक फिरता विक्रेता त्याच्याकडे एक खोका घेऊन आला. खोक्यात रंगीत पेनांसारख्या वस्तू, काचेच्या लहान टाक्या, तारेच्या कॉइलच्या पुड्या आणि अत्तरासारख्या बाटल्या. महिन्याची उधारी आणि नफा दामदुप्पट. पोरगा संध्याकाळी आमच्याकडे आला व म्हणाला, "चाचा, कोणता माल ठेवू? टँकवाला की वापरून फेकायचा?"

आम्ही म्हटले, बेटा, ताका उलगडून पाहिल्याशिवाय भाव करू नये. आधी ही चीज काय आहे ते बघू.

या यंत्राची आजची घडण साधारण २००३ साली चीनमधील होन लिक या औषधतज्ज्ञाने बसवली. यात तंबाखू जळत नाही. खाली बॅटरी असते. वर टँक, म्हणजे द्रव भरण्याची टाकी. टाकीच्या मधोमध बारीक तारेची कॉइल आणि तिच्याभोवती कापूस. कापूस द्रव शोषतो, बटण दाबले किंवा ओढ घेतली की तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती वाफ माणूस छातीत घेतो. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाचे अर्क आणि बहुधा निकोटिन असते. निकोटिनचे प्रमाण मिलिलिटरला इतके मिलिग्रॅम असे लिहितात. '५ टक्के' असे छापले असेल तर ते मिलिलिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम झाले, आणि हे फार आहे. युरोपीय संघाच्या नियमात कमाल मर्यादा २० मिलिग्रॅमची आहे, आणि टँक २ मिलिलिटरहून मोठा चालत नाही.

जिथे विक्री कायदेशीर आहे तिथला गिऱ्हाईक यंत्र निवडताना मुख्यतः कॉइलचा ओहम पाहतो. १.२ ओहमची कॉइल ३.७ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण ३ अँपिअर ओढते. तीच ०.२ ओहमची असेल तर साडेअठरा अँपिअर! म्हणजे वाफ दाट, पण बॅटरीवर भार सहापट. हलक्या सेलवर असली कॉइल लावली तर सेल तापून फुटू शकतो. सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर टाकला आणि त्याची दोन टोके जोडली गेली, तरी आग लागते. टँक रिकामा असताना ओढले तर कापूस जळतो आणि घशाला चटका बसतो. द्रवात कोणी काय मिसळले हे डोळ्यांना दिसत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत अशा यंत्रांमुळे फुफ्फुसाच्या विकाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०० हून अधिक माणसे इस्पितळात गेली आणि ६८ दगावली. त्यांतील बहुतेकांनी गांजाच्या अर्काचा द्रव ओढला होता, आणि त्यात घट्टपणासाठी मिसळलेले व्हिटॅमिन ई अॅसिटेट मुख्य दोषी ठरले. कापडात भेसळ झाली तर रंग जातो, इथे जीव जातो.

पोरगा मध्येच म्हणाला, "म्हणजे चांगल्या ओहमचा, चांगल्या कंपनीचा टँक निवडला तर?" इथेच आम्ही त्याला थांबवले. ही निवड आपल्या मुलखात करायचीच नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात, सर्व बंद.

आता त्या विक्रेत्याची तीन वाक्ये एकेक करून तपासू, कारण हीच तीन वाक्ये तो पुढच्या दुकानातही बोलणार.

पहिले वाक्य, "यात निकोटिन नाही, नुसता फ्लेवर आहे." कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफ करणारे विजेचे यंत्र म्हणजे ई-सिगारेट. ई-हुक्काही त्यात आला, आणि तंबाखू न जाळता तापवणारे यंत्रही. नाव काहीही द्या, आकार पेनाचा असो की पेनड्राईव्हचा, फरक पडत नाही.

दुसरे वाक्य, "हे पूर्ण यंत्र नाही, सुटे भाग आहेत." आमच्या मते दुकानदार याच वाक्याला सर्वांत जास्त फसतो. कायदा पूर्ण वस्तू आणि तिचा कोणताही भाग, दोन्हींना पकडतो. सेल टॉर्चलाही लागतो, कापूस तर आपल्या गादीत आहे. ते विकायला कोणाची हरकत नाही. पण टँक आणि कॉइल यांना दुसरा उपयोगच काय? ते काउंटरवर सापडले तर खुलासा देणार कोणता?

तिसरे वाक्य, "सगळीकडे खुलेआम विकतात." त्याला आम्ही विचारले, पक्के बिल देतोस? तो हसला. ज्या मालाचे बिल नाही, चलन नाही, तो माल ठेवणाऱ्याच्या गळ्यात पडतो, हे आम्हाला कोऱ्या कापडाच्या धंद्यातही शिकावे लागले आहे.

शिक्षा ऐका. विक्री, वाहतूक, आयात वा जाहिरात यांबद्दल पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. जाणूनबुजून आपल्या जागेत साठा ठेवू दिला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून ज्यांची मिरज-सांगलीकडे गोडाऊने भाड्याने आहेत, त्यांनी भाडेकरू खोक्यांत काय ठेवतो हे विचारण्याची लाज बाळगू नये. टेम्पोवाले आणि पुणे-बेंगळुरू रस्त्यावरच्या बसमध्ये पार्सल चढवणारे आपले भाऊबंद, त्यांनाही हेच सांगणे. वाहतूक हा वेगळा गुन्हा आहे. जाहिरातीच्या व्याख्येत समाजमाध्यमे आहेत, बिलावरचा मजकूरसुद्धा आहे. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला टँकचा फोटो टाकला की झाली जाहिरात.

आखातातून परतणाऱ्यांचा प्रश्न वेगळा नाही. दुबईत २०१९ पासून नियमाखाली ही विक्री चालते, तिथल्या दुकानात ती सजवून मांडलेली असते. तिथून दोस्तांसाठी म्हणून चार नग बॅगेत टाकले, तर इथे उतरताना ती आयात ठरते. ब्रिटनमध्ये टँकवाली यंत्रे प्रौढांना मिळतात, पण वापरून फेकायच्या यंत्रांची विक्री तिथेही १ जून २०२५ पासून बंद झाली. म्हणजे पोराने ज्या दोहोंतून निवड विचारली, त्यातले एक तिथल्या बाजारातूनही गेले.

काही जुने पानपट्टीवाले म्हणतील, अशा बंद्या खूप पाहिल्या. २०१२ च्या जुलैत राज्याने गुटखा बंद केला तेव्हा आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराने 'चार दिवसांत सुरू होईल' म्हणून माल दाबून ठेवला. बंदी उठली नाही. त्याने माल घेतलेल्या पैशाचे व्याज मात्र पुढे बरेच दिवस भरले.

आता एक गिऱ्हाईक राहिला, आणि तो खोटा नाही. तो म्हणतो, मला सिगारेट सोडायची आहे म्हणून हे पाहिजे. त्याला हाकलू नये. औषधाच्या कायद्याखाली परवाना असलेली उत्पादने या बंदीतून वगळली आहेत. २ मिलिग्रॅम निकोटिनचा च्युइंगगम मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची फुकट फोनसेवा आहे, नंबर १८००-११-२३५६. पुतण्याने हा नंबर एका पुठ्ठ्यावर लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवला आहे. खोका त्याच रात्री परत गेला, आणि त्या जागी त्याने चार्जरच्या वायरी लावल्या. नफा कमी आहे, पण बिल पक्के आहे.