पुरजळचे केशवराव कोरटकर

अमेरिकेच्या पॅट्रिक हेन्रीने स्वतःच कायद्याचा अभ्यास करून १७६० साली वकिलीची सनद मिळविली आणि पुढे आपली वाणी देशाच्या स्वातंत्र्यासाठी वाहिली. हट्ट्याच्या विद्यार्थ्यांस वकील-लोकसेवकाचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात सापडेल.

केशवराव कोरटकर यांचा जन्म १८६७ साली, आजच्या हिंगोली जिल्ह्यातील पुरजळ येथे झाला. निजामी राज्यात न्यायालयाची भाषा उर्दू होती. ती आत्मसात केल्यावाचून मराठी मुलास वकिली साधणे कठीण. केशवरावांनी ती साधली व ते हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. तथापि मातृभाषेस ते विसरले नाहीत. वामनराव नाईक यांच्यासह १९०७ साली त्यांनी हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा उभारली. १९३२ साली ते निवर्तले.

मात्र स्वभाषेच्या अभिमानात परभाषेची अवहेलना नसावी. १९२१ साली हैदराबादच्या सामाजिक परिषदेत एका वक्त्याच्या तेलुगू भाषणाची टर उडविली गेली. त्या दुखावलेल्या मनांतून आंध्र जनसंघ जन्मास आला. शिक्षकांनी हा प्रसंगही सांगावा. वर्गात घरी निराळी बोली बोलणारे मूल असल्यास, त्याच्या चार शब्दांनी पाठाचा आरंभ करावा.