हवा गेली की सगळ्यांनी थांबायचं

ये, बस अशी जवळ. सायकल मिळाली, आता तुम्ही चौघी-पाचजणी मिळून रोज महागावला शाळेत जाणार, ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! आईने नारळ फोडला, दादाने हँडलला गोंडे बांधले, सगळं झालं. आता एक गोष्ट माझ्याकडून ऐक, कारण ती सांगायची असते हे आपल्याकडे कुणाच्या डोक्यातच येत नाही. खेड्यातल्या पोरीची सायकल मोडून क्वचितच बंद पडते. ती पंक्चर होते आणि भिंतीला टेकून उभी राहते. आणि सायकल उभी राहिली की तिच्यामागे पोरगीही घरी राहते.

कसं होतं बघ. दिवाळीच्या पुढे-मागे शेतात कापूस फुटलेला असतो. सोमवारी चाकातली हवा जाते. गावात पंक्चरचं दुकान नसतं. बाबा म्हणतात, बाजाराच्या दिवशी नेऊ. तोवर काकू म्हणते, घरीच आहेस तर चल वेचायला, चार पैसे सुटतील. त्यात कुणाचं वाईट मन नसतं गं, घरात खरंच गरज असते. पण बाजाराच्या दिवशी बाबांना दुसरं काम निघतं, आठवडा जातो, गणिताचे दोन धडे पुढे सरकतात आणि मग वर्गात जायचीच लाज वाटू लागते. एका काट्यापायी एवढं सगळं. म्हणून मला वाटतं, सायकल चालवता येणं ही अर्धी विद्या आहे. पंक्चर काढता आलं की ती पुरी होते.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली देतात. लांबच्या मुलींसाठी त्याच कार्यक्रमातल्या निळ्या एसटी बस आहेत. फार चांगलं काम आहे ते, मी मनापासून म्हणते. पण सायकल हातात आल्यावर तिचा टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर हे सगळं आपल्याच घरावर असतं. म्हणून ती राखायची कशी, हे आपल्यालाच शिकायला हवं.

आता आपल्या रस्त्यांचं सांगते. डांबरी सडकेवर काटे कमी असतील असं वाटतं ना? तसं नसतं. उन्हाळ्यात धुऱ्यावरच्या बाभळी छाटतात, काटेरी फांद्या बैलगाडीतून कुंपणाला नेतात आणि काटे वाटभर सांडत जातात. पांदणीत सराटे असतात, ते तर टायरला चिकटून घरापर्यंत येतात. पऱ्हाट्या उपटल्या नाहीत आणि नुसत्या कापल्या, की त्यांची धसकटं टोकदार राहतात. तिथून सायकल हाकायचीच नाही, उतरून हातात धरून न्यायची. गुंजच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा फुटतात आणि खडी वर येते. आणि आर्णीकडून येऊन उमरखेडकडे जाणारा तो नागपूर-तुळजापूर महामार्ग! तिथे ट्रकचे टायर फुटतात, त्यातल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा कडेला पडून राहतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, टायरमध्ये मात्र सरळ घुसतात. महामार्गाच्या अगदी कडेला साचलेल्या कचऱ्यातून चालवू नकोस, आणि कडेचा वेगळा रस्ता असेल तर तोच धर.

हवा गेली म्हणजे पंक्चरच झालं, असं लगेच धरून चालू नकोस. आपल्या साध्या सायकलीच्या वॉल्वमध्ये एक बारीक रबरी नळी असते, वालट्यूब म्हणतात तिला. ती उन्हाने वाळते, चिरते आणि हवा हळूहळू गळते. थोडी हवा भर, बोटाला थुंकी लाव आणि वॉल्वच्या तोंडावर धर. बुडबुडा फुगला तर दोष तिथेच आहे. वरची चकती फिरवून सोड, आतली दांडी बाहेर काढ. जुनी नळी सुरकुतलेली किंवा चिकट झालेली दिसेल. ती ओढून टाक, नवी ओली करून दांडीवर सरकव, बारीक छिद्र पूर्ण झाकलं गेलं पाहिजे. मग दांडी पुन्हा बसव, चकती आवळ. संपलं काम! वालट्यूबचा तुकडा चहाच्या कपापेक्षा स्वस्त मिळतो. दप्तराच्या कप्प्यात दोन-तीन टाकून ठेव. कितीतरी पोरी एवढ्याशा रबरासाठी सायकल ढकलत गावापर्यंत जातात.

खरंच पंक्चर असेल तेव्हा आधी घाई आवर. चाक सावकाश फिरव आणि काटा दिसतो का ते बघ. दिसला की उपटून फेकू नकोस, पेनाने टायरवर त्या जागी खूण कर. म्हणजे ट्यूबवर भोक कुठे शोधायचं ते आधीच कळतं. मागचं चाक असलं तरी ते काढायची गरज नसते. चेन, नट, मडगार्ड यांच्या नादी लागायचं नाही, टायर एकाच बाजूने उतरवायचा. सगळी हवा सोड, टायरची कड दोन्ही बाजूंनी दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकल, म्हणजे ती सैल पडते. मग वॉल्वच्या समोरच्या बाजूपासून टायर काढायच्या पट्ट्या घाल. पट्टी नसेल तर चमच्याची दांडी चालते, पण स्क्रूड्रायव्हर घालू नकोस. त्याने ट्यूबला दुसरं भोक पडतं.

ट्यूब बाहेर ओढून थोडी हवा भर. घरी असशील तर घमेल्यातल्या पाण्यात बुडव. वाटेत असशील तर ट्यूब गालाजवळ धरून हळूहळू फिरव. बारीक झुळूक गालाला लगेच कळते. भोक सापडलं की त्याची जागा नीट बघ, कारण भोक स्वतःच सांगतं काय झालं ते. बाहेरच्या बाजूला एकच भोक असेल तर काटा. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. रिमच्या बाजूला आतून भोक असेल तर एखाद्या तारेचं टोक वर आलंय किंवा रिमवरची पट्टी सरकली आहे. ती पट्टी नीट केल्याशिवाय कितीही ठिगळं लाव, उपयोग नाही. वॉल्वच्या बुडाशीच ट्यूब फाटली असेल तर मात्र ठिगळ टिकत नाही, नवीन ट्यूबच घालावी लागते.

आता ठिगळ. ट्यूब कोरडी कर, भोकाभोवती सॅंडपेपरने घास, ठिगळाच्या आकारापेक्षा थोडं जास्तच. सोल्यूशन पातळ पसरव आणि थांब. इथेच सगळ्यांचं चुकतं. ओलं असतानाच ठिगळ दाबतात आणि दुसऱ्या दिवशी ते सुटतं. सोल्यूशन बोटाला चिकटेनासं झालं की ठिगळ ठेव, मधून कडेकडे जोरात दाब, खाली दगड आणि वरून पान्याने हलकेच ठोक. आणि टायर चढवायच्या आधी, हे मात्र कधीही विसरू नकोस, टायरच्या आतून फडकं सावकाश फिरव. काट्याचं मोडलेलं टोक तिथेच रुतून बसलेलं असतं. फडक्याचा धागा जिथे अडकेल तिथे ते सापडेल. ते काढलं नाहीस तर शाळेच्या फाटकापर्यंतही पोचणार नाहीस. शेवटी टायर हातानेच चढव, ट्यूब कुठे चिमटली नाही ना ते चाकभर बघून घे, मग हवा भर.

हवेचा टायर सायकलीवर रुळला तो एका जनावरांच्या डॉक्टरमुळे, माहीत आहे? बेलफास्टचे जॉन बॉयड डनलॉप. मुलाच्या तीनचाकी सायकलीला दगडी रस्त्यावर हादरे बसायचे, म्हणून त्यांनी चाकावर हवेची रबरी नळी चढवली आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पण सुरुवातीचे टायर चाकाला चिकटवलेले असत, पंक्चर काढायला कित्येक तास लागत. १८९१ मध्ये फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी सुटा होणारा टायर काढला, म्हणून आज तुला ते धुऱ्यावर बसून जमतं.

आता चौघी-पाचजणी मिळून जाण्याचं. शेजारी शेजारी गप्पा मारत चालवायला फार गोड वाटतं, मला समजतं. पांदणीत मारा गप्पा. सडकेवर मात्र एकामागे एक, डाव्या बाजूने, मध्ये एका सायकलीएवढी जागा सोडून. सगळ्यात हळू चालवणारीला पुढे ठेवा. तिला मागे ठेवलंत तर तिची दमछाक होते आणि ती तोंडातून शब्द काढत नाही. सगळ्यात दमदार पोरगी शेवटी हवी, म्हणजे मागे कुणी राहणार नाही. पुढचीने खड्डा दिसला की ओरडायचं, मागचीने मागून ट्रॉली आली की ओरडायचं. लाजायचं नाही. आणि ओढणी, तिची टोकं कमरेला घट्ट बांधायची. ती चेनमध्ये किंवा तारांत गेली की पंक्चरपेक्षा भयंकर होतं.

आणि ज्यासाठी तुला बसवून घेतलंय ते हे: एकीची हवा गेली की सगळ्यांनी थांबायचं. पहिला तास बुडेल म्हणून पुढे पळायचं नाही. १९१३ च्या टूर द फ्रान्सची एक गोष्ट आहे. युजीन क्रिस्तोफ नावाच्या सायकलपटूच्या सायकलीचा पुढचा चिमटा डोंगरात मोडला. शर्यतीचा नियम होता की दुरुस्ती स्वतःच करायची, कुणाची मदत घ्यायची नाही. तो सायकल खांद्यावर घेऊन कित्येक किलोमीटर चालत एका गावातल्या लोहाराकडे गेला आणि तापवून, ठोकून स्वतःच चिमटा जोडला. तिथल्या एका पोराने फक्त भाता हलवला, तर तेवढ्यासाठीही त्याला दंड झाला! शर्यत होती ती. आपली शर्यत नाही. आपल्यात भाता हलवणारी हवीच. एकीने ट्यूब धरायची, एकीने पंप मारायचा, एकीने रस्त्याकडे लक्ष ठेवायचं.

आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अख्खी अमेरिका ओलांडणारी शर्यत एकट्याने पूर्ण करून आले. त्या शर्यतीत एकटं म्हणजे सायकल एकट्याने चालवायची, पण सोबत मदतीची माणसं असतात. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, विसाव्या वर्षी, जवळपास २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगाला फेरी मारली, त्यातला बराचसा रस्ता एकटीने. तिच्याकडे बघून हुरूप येतोच. पण लक्षात घे, इतक्या लांब एकटीने जायचं तर हात कामाला तयार असावे लागतात. तुझे हात आधी तयार होऊ देत.

थांबायचं कुठे, तेही सांगून ठेवते, कारण संध्याकाळी परत येताना हा प्रश्न पडतोच. वळणावर, पुलाखाली, सुनसान ठिकाणी नाही. एसटीचा थांबा, एखादं घर, किराणा दुकान, जिथे बायामाणसं दिसतील तिथपर्यंत सायकल चालत न्यायची. चाकात हवा नसताना वर बसायचं मात्र नाही. दोनशे पावलांत ट्यूब कातरली जाते आणि रिमही वाकते, मग थोडक्या पैशांच्या ठिकाणी शेकड्याने जातात. दप्तर दुसरीच्या कॅरिअरवर द्यायचं. कुणाला मदत आणायला पाठवायचं झालं तर दोघींनी जायचं, दोघींनी थांबायचं. तिघीच असाल तर तिघींनी मिळून चालत यायचं. ओळख नसलेल्या गाडीवाल्याने "चल सोडतो" म्हटलं तर नको म्हणायचं, आणि तो निघून गेला तरी घरी येऊन सांगायचं. रागावतील, सायकल बंद करतील या भीतीने लपवू नकोस. घरच्यांना सांगायला जड जात असेल तर मला सांग. मी तुझ्या आईशी बोलेन, आणि सायकल बंद होणार नाही असंच बोलेन.

पाळीच्या दिवसांत नको वाटलं तर तेही मैत्रिणींना मोकळं सांग. त्या दिवशी सगळ्यांनी जरा सावकाश चालवायचं, एवढंच. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दर रविवारी हवा बघायची. टायर अंगठ्याने दाबून बघ, दबता कामा नये. किती हवा भरायची तो आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. वैशाखाच्या उन्हात सायकल टम्म हवेनिशी उघड्यावर ठेवू नकोस, जुनं ठिगळ सुटतं. सावलीत लाव. पावसाळ्यात आपली काळी माती मडगार्डमध्ये अशी गच्च बसते की चाकच फिरत नाही. एक काडी जवळ ठेव आणि वाटेतच खरडून काढ. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की आतल्या आत वाळते, म्हणून वापरायची वेळ यायच्या आधीच महिन्याला एकदा दाबून बघ. सामान प्रत्येकीने घ्यायची गरज नाही. पंप एकीकडे, पट्ट्या आणि पाना दुसरीकडे, ठिगळं आणि सोल्यूशन तिसरीकडे. फक्त ती तिसरी गैरहजर राहणार असेल तर आदल्या संध्याकाळी तिने डबी दुसरीकडे पोचवायची, हे पक्कं ठरवून टाका.

फुलसावंगीपर्यंत सगळ्यांनी मिळून सायकलवर जायचं म्हणत होतीस ना? जाऊ या. पोळा होऊ दे, पाऊस जरा ओसरू दे. पण त्याआधीच्या रविवारी सगळ्यांना सायकली घेऊन अंगणात बोलाव. मी जुन्या ट्यूबला मुद्दाम भोकं पाडून ठेवते. प्रत्येकीने एकेक काढायचं, कुणी कुणाचं करून द्यायचं नाही, आणि सगळ्यांचं जमेपर्यंत कुणी उठायचं नाही. घमेलं आणि पंप माझ्याकडे आहे. तुम्ही फक्त फडकी आणा.