घुशीचें वतन आणि त्याचा वास

करंजाडे गांवाची पुष्कळशी भातजमीन सिडकोच्या वसाहतीखालीं गेली. तथापि पनवेल तालुक्यांत जेथें खाचरें शिल्लक आहेत तेथें पोटरीच्या दिवसांत बांधावर ताजा उकीर दिसतोच. घूस बांध पोखरते, पाणी निघून जातें, आणि पुढें लोंब्या तोडून ती बिळांत कोठार भरते. आमचे कातकरी बांधव तें कोठार खणून काढतात, हें वाचकांस ठाऊक आहेच. खणतांना एका बिळांत बहुधा एकच मोठी घूस सांपडते, फार तर मादी व तिचीं पिलें. असें कां?

वळू खच्ची केला म्हणजे त्याची मस्ती उतरते, हें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. १८४९ सालीं जर्मनींतील गटिंगेन येथें बेर्टोल्ड यांनीं कोंबड्यांचीं वृषणें काढलीं, तेव्हां त्यांचें आरवणें व झुंजणें थांबलें. वृषण पोटांत पुन्हां बसवितांच तीं परतलीं. तेव्हां ही रग रक्तांत मिसळणाऱ्या स्रावाची होय. १९४७ सालीं एलिझाबेथ बीमन यांनीं उंदरांवर हेंच दाखविलें: खच्ची नर भांडेनासे झाले, आणि टेस्टॉस्टेरॉन मिळतांच पुन्हां भांडूं लागले.

हाच अंतःस्राव नराच्या मूत्रासही उग्र वास देतो. घरच्या उंदराच्या मूत्रांतील कांहीं प्रथिनें वासाचे कण धरून ठेवितात व हळूहळू सोडतात. त्यामुळें धनी दूर गेला तरी त्याची मोहोर कायम राहते. खच्ची उंदरावर दुसरा नर सहसा धांवून जात नाहीं. पण त्याच्या अंगास धडधाकट नराचें मूत्र फांसलें कीं तुटून पडतो. वास घेण्याची शक्ति नष्ट केलेला नर मात्र लढत नाहीं. हे प्रयोग घुशींवरील नव्हेत, हें खरें. परंतु दोन अनोळखी घुशी एका पिंजऱ्यांत कोंडून ज्यानें पाहिल्या असतील तो फारशी शंका घेणार नाहीं.

आतां आमच्या सभासदांची नेहमींची तक्रार घेऊं: गतवर्षीं घुशी मारल्या, तरी यंदा बिळें तितकींच! दोष औषधास दिला जातो. आमच्या मतें तो सर्वस्वी औषधाचा नव्हे. एकट्यानें आपल्या बांधावरील घूस मारली म्हणजे एक वतन रिकामें होतें; हटकणारा उरत नाहीं, ताजी खूण पडत नाहीं, आणि शेजारची घूस आयत्या बिळांत शिरते. यास्तव सर्व खातेदारांनीं एकाच आठवड्यांत, आणि तेंही पोटरीपूर्वीं, हात घालावा. कारण पीक भरूं लागलें कीं वीण वाढते, आणि गर्भकाल अवघा तीन-साडेतीन आठवड्यांचा असतो.

आदल्या सायंकाळीं सर्व बिळें बुजवावींत व सकाळीं जीं उघडलेलीं दिसतील त्यांतच आमिष घालावें. पहिले दोन-तीन दिवस तें निर्विष असावें, कारण घूस संशयी असते. सामाईक बांध कोणाचा, हा वाद त्या आठवड्यापुरता बाजूस ठेवावा. इमारतीसाठीं विकून पडीक राहिलेल्या तुकड्यांचे बांधही वगळूं नयेत; त्यांचा मालक मुंबईस असला तरी घूस तेथेंच असते.